चूल मांडणं

आमच्याकडं विहीर पाडतात, भिंत घालतात, छप्पर शाकारतात आणि चूल मांडतात. मांडायची म्हणजे जागा बघून, आजूबाजूचा विचार करून ठेवायची. पूजा मांडतात, संसार मांडतात, तशी चूल. गॅसची शेगडी आली तेव्हा तिला कुणी मांडली नाही, ती नुसती ठेवली. आणि हॉब आला तेव्हा तो बसवायला लागले.

हॉब बसवणं हा माझा धंदा. १९८८ साली दहिवडीतून एसटीनं पुण्याला आलो आणि एका स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानात चिकटलो. तिथून गॅसच्या शेगड्या, आणि पुढं नव्या फ्लॅटांमधले हॉब. ओट्याच्या ग्रॅनाइटला भोक पाडायचं आणि त्यात काचेची शेगडी जडवायची, असं ते काम. किती बसवले याचा हिशेब नाही. चुकाही झाल्या असतील, लोकांनी त्या नंतर कुणाकडून तरी दुरुस्त करून घेतल्या असतील. पण एक चूक माझ्या आईच्या घरात झाली, आणि ती मला समजावून सांगितली आईनंच. तिला स्वतःची सही येते, त्यापुढं अक्षर येत नाही. ते सांगायचं तर आधी आमच्या घरातल्या चुली सांगितल्या पाहिजेत.

माण तालुक्यातलं आमचं जुनं घर धाब्याचं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, आत सोपा आणि सोप्याला लागून सैपाकघर. त्या घरात चूल आई स्वतः करायची. होळी झाली, ऊन तापलं की ओढ्यातल्या गाळाची माती आणायची, त्यात शेण आणि भुसा घालून पायानं तुडवायची, दोन दिवस भिजत ठेवायची आणि मग हातानं थापून चूल उभी करायची. उन्हात ठेवली तर तडकते म्हणून ती सावलीत वाळायची. चुलीला लागून एका अंगाला वैल. मुख्य जाळ चुलीत, त्याची उरलेली धग वैलात. भाकरी तव्यावर असली की वैलावर कालवण रटरटत राहायचं. जळण कमी असलेल्या मुलखात हा दुसरा बर्नर फुकटात चालायचा.

लहानपणी मला वाटायचं, माती थापली की झाली चूल. तसं नव्हतं. वरती भांडं टेकायला तीन उंचवटे असायचे, ते किती उंच ठेवायचे याचं आईचं माप होतं आडवी दोन बोटं. त्याहून खाली ठेवले तर भांडं चुलीच्या तोंडावर दडपतं, जाळ गुदमरतो आणि सगळा धूर बाईच्या तोंडावर येतो. वर ठेवले तर जाळ फाकतो आणि जळण उगाच जातं. चूल जागेवर ठेवली की ती परातीत बोटभर पाणी घेऊन वर ठेवायची आणि पाणी कुठल्या अंगाला धावतं ते बघायची. पुढं पुण्यात मी पाणसळ वापरायला शिकलो तेव्हा ती परात आठवली.

आणि जागा. आषाढात आमच्याकडं पाऊस नावाला पडतो, वारं मात्र पडत नाही, ते सुटतं. पश्चिमेकडून येणारं ते वारं दारातून आत घुसायचं. चूल दाराच्या रेषेत कधीच नसायची. ती कोपऱ्यात, आणि दाराच्या बाजूला गुडघाभर उंचीचा मातीचा आडोसा. आजी सांगायची, लग्न होऊन आई घरात आली तेव्हा चूल भलतीकडं होती. पहिल्या आषाढात आईनं ती मोडली आणि कोपऱ्यात मांडली. सासू असताना सुनेनं चूल हलवणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आठ दिवस दोघी बोलत नव्हत्या म्हणे. पण चूल तिथंच राहिली.

हे सगळं सांगतो म्हणून मी चुलीचं कौतुक करतोय असं कुणी समजू नये. हायवेला ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या दिसतात, तिथं गाड्या थांबतात. ज्यांनी पावसाळ्यात ओल्या तुराट्या फुंकून पेटवल्या नाहीत त्यांना ते रुचकर लागतं. माझ्या आजीचे डोळे मी कधी पांढरे पाहिले नाहीत, ते कायम लाल. भिंत छपरापर्यंत काळी. आईचा खोकला पहाटे चुलीबरोबर सुरू व्हायचा.

रॉकेलचा स्टोव्ह आमच्या घरात आला तो चहापुरता. पंप मारायचा पितळी स्टोव्ह ही मूळ स्वीडनची वस्तू, फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या माणसानं १८९२ साली काढलेली प्रायमस. टाकीत हवा दाबायची, रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून निळा जाळ निघतो. त्या छिद्रात काजळी बसली की पिन मारायची. पुण्यातल्या दुकानात पहिली दोन वर्षं मी हेच केलं. वॉशर बदलायचा, नोझल बदलायचं, टाकीला झाळ मारायची. त्या काळात वर्तमानपत्रांत दर थोड्या दिवसांनी बातमी असायची, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. दुकानात बसून शेकडो स्टोव्ह उघडल्यावर एक कळलं, स्टोव्ह इतक्या सहजासहजी भडकत नाही, आणि भडकला तर तो सूनच कोण आणि सासू कोण असं बघून भडकत नाही. आमचे दुकानदार अशी बातमी वाचली की पेपर घडी घालून ठेवायचे, बोलायचे नाहीत.

मधल्या काळात सरकारनं निर्धूर चूल आणली. १९८३ च्या सुमाराला देशभर ती मोहीम निघाली. आमच्या गावातही दोन भोकांची चूल आणि सिमेंटचं धुराडं बसवून गेले. धुराडं साफ करायचं असतं हे कुणी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या भोकावर भांडं नसलं की धूर धुराड्याऐवजी घरातच येतो हेही नाही. दोन पावसाळ्यांत बहुतेकांनी ती फोडली.

गोबरगॅसची गोष्ट मात्र वेगळी. १९८१-८२ पासून सरकारचा गोबरगॅसचा मोठा कार्यक्रम चालू होता, अनुदान मिळायचं. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गोठ्यामागं खड्डा घेतला. लोखंडी टाकी उपडी घातलेला, खादी ग्रामोद्योगवाला नमुना. शेण आणि पाणी समसमान कालवून एका बाजूनं ओतायचं, गॅस साठला की टाकी वर उचलली जाते. लहान पोरांना ती टाकी वर आलेली बघायला मजा वाटायची. गॅस नळीतून सैपाकघरात यायचा. पहिल्या दिवशी निळी ज्योत बघायला अर्धी आळी घरात होती.

आठ दिवसांनी ज्योत उड्या मारायला लागली. मोठी व्हायची, बारीक व्हायची, फुरफुरायची, विझायची. तालुक्याहून आलेला माणूस शेगडी उघडून साफ करून गेला. पुन्हा तेच. दादा म्हणाले, शेण कमी पडतंय. आईनं एक दिवस नळीला कान लावला. ती म्हणाली, “आवं, नळीत पाणी बोलतंय.”

आणि खरंच. शेणाचा गॅस ओला असतो. नळीत गार पडला की त्यातली वाफ पाणी होते आणि नळीच्या सगळ्यांत खालच्या जागी साठते. म्हणून नळीला सगळीकडून एकसारखा उतार हवा आणि खालच्या टोकाला पाणी काढायची तोटी हवी. आमची नळी गोठ्याच्या दारावरून नेताना मधे झोळ पडला होता, तिथं ते साठलं होतं. दादांनी नळी सोडवली, लोटाभर पाणी निघालं. झोळाखाली एक मेढ रोवून नळी वर उचलली, आणि मग दुष्काळात जनावरं विकली जाईपर्यंत तो गॅस चालला. बसवणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्यानं नळी गोठ्यातून घरात नेली, काम झालं. त्या नळीशेजारी रोज दोन वेळा बसणारं माणूस दुसरं होतं.

सिलिंडरचा गॅस आपल्याकडं आला १९५५ साली, मुंबईत. बर्मा-शेल कंपनी तो ‘बर्शेन’ नावानं विकायची. १९६५ मध्ये कोलकात्यात इंडेन सुरू झालं. पण तिथून माणदेशातल्या सैपाकघरापर्यंत यायला त्याला तीस-तीस वर्षं लागली. शहरात नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. खासदारांना गॅसच्या कूपनांचा कोटा असायचा, आणि ते कूपन मिळवून देणारा माणूस गावात मोठा. आमच्या घरी १४.२ किलोचा लाल सिलिंडर आला तो १९९६ ला, मी पुण्यात आठ वर्षं दुसऱ्यांच्या शेगड्या दुरुस्त केल्यानंतर.

या सिलिंडरनं एक गोष्ट केली तिची फारशी कुणी नोंद घेतली नाही. त्यानं बायकांना उभं केलं. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर पाहिजे, सिलिंडर जमिनीवर उभा पाहिजे, हा नियम. म्हणून घरोघर ओटा आला. शहाबादी फरशी, खाली दोन विटांचे खांब. पिढ्यान्‌पिढ्या बसून सैपाक करणारी बाई आता उभी राहिली. आईचे गुडघे सुखावले, पण पहिले काही महिने तिचे पाय सुजायचे. आणि तिला भाकरी उभ्यानं थापता येईना. कितीतरी वर्षं ती परात खाली घेऊन भाकरी थापायची, उठून तव्यावर टाकायची, पुन्हा बसायची.

ओटा किती उंच हे गवंडी ठरवायचा, आणि गवंडी पुरुष. आई उंचीनं चार फूट नऊ इंच. ओटा तेहतीस इंच, त्यावर पाच इंचांची शेगडी, त्यावर भांडं. कालवणात काय चाललंय ते तिला दिसायचं नाही, ती पाटावर उभी राहून बघायची.

म्हणून हॉब आला तेव्हा मला तिची आठवण झाली होती, हे खरं. हॉब ओट्याच्या आत बसतो, वर फक्त काच आणि बर्नर. शेगडीची पाच इंच उंची वाचते. ज्यांचा ओटा शेगडीच्या हिशेबानं बुटका केलाय त्यांनी त्यात हॉब बसवला तर उंच बाईला वाकावं लागतं आणि कंबर जाते. पण आईला तो सोयीचा होता.

आता हे काम कसं करतात ते सांगतो, कारण गावोगाव हॉब गेलेत आणि मी सुट्टीला गेलो की लोक हात धरून सैपाकघरात नेतात.

डब्यात कागदी साचा येतो. भोक त्या साच्याचं पाडायचं. दुकानात दुसरा हॉब बघून आलेल्या मापाचं नाही, कारण प्रत्येकाचं माप निराळं. ग्रॅनाइट कापणारा माणूस कटर घेऊन येतो आणि चार रेघा कापून मोकळा होतो. चार कोपरे काटकोनात राहिले की त्या कोपऱ्यातून फरशीला तडा जातो, आज नाही तर सहा महिन्यांनी. आधी कोपऱ्यांना गोल भोकं पाडायची आणि मग त्यांच्यामधून कापायचं. ओट्याच्या पुढच्या कडेला दगडाची पट्टी बारीक ठेवली तर ती पहिल्या जड पातेल्याला मोडते. काचेखाली चिकटवायची फोमची पट्टी डब्यातच असते. घाईत ती तशीच कचऱ्यात जाते, मग ओटा धुतलेलं पाणी खाली झिरपतं. खालच्या पकडी आवळताना जोर करायचा नाही. काच कडक केलेली असते, भांडं आपटलं तर सोसते, पण ओबडधोबड दगडावर पकडीनं पिळली तर एखाद्या दुपारी घरात कुणी नसताना फुटते आणि लोक म्हणतात, आपोआप फुटली. पुरणाचं किंवा लग्नाच्या भाजीचं रुंद पातेलं लहान बर्नरवर ठेवलं तरी तेच. खालची धग काचेवर परतते.

रबरी नळी दीड मीटरहून लांब नको, मधे जोड नको, शेगडीच्या तापलेल्या पत्र्याखालून ती जायला नको. सुरक्षा नळीवर तारीख असते, पाच वर्षांनी ती बदलायची. कितीतरी घरांत मी नळीला कापडाचा खोळ शिवलेला पाहिलाय, छान फुलाफुलांचा. आत नळी तडकलेली. गळती बघायची ती साबणाच्या पाण्यानं, बुडबुडे आले की समजलं. काडी लावून बघणारे भेटतात, ते अजून भेटतात हेच नवल.

एका ओळखीच्याच्या मुलानं पुण्यातल्या फ्लॅटमधला हॉब गावी आणून सिलिंडरला जोडला. पुण्याला त्यांच्याकडं पाइपचा गॅस. पाइपच्या गॅसचा दाब कमी, म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं. तेच जेट सिलिंडरला लावलं आणि वीतभर पिवळा जाळ. पातेली अशी काळी झाली की त्यांची म्हातारी म्हणाली, ही तर आपलीच चूल आली की माघारी. चार जेट बदलले, काम झालं. पण तोपर्यंत तो जाळ कुणाच्या पदराला लागला नाही हे नशीब.

सगळ्यांत मोठी चूक मात्र दिसत नाही, कारण ती दारामागं असते. पुष्कळ हॉबचे बर्नर हवा खालून घेतात. खालचं कपाट चारी बाजूंनी बंद असलं की त्यांना हवा पुरत नाही आणि ज्योत पिवळी होते. आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट-दुपटीनं जड. तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगटात साठतो. म्हणून कपाटाच्या दाराला खाली, अगदी जमिनीलगत, जाळी ठेवायची. वरतीही ठेवायची. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तेव्हाही सांगत होतो.

२०१४ ला जुनं घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं. दादा तोवर गेले होते. सैपाकघर मी करणार असं मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी, खिडकीखाली काळा ग्रॅनाइट, ओट्याची एक लहान फांदी पूर्वेकडं वळलेली. हॉब मी खिडकीखाली बसवला. उजेड चांगला आणि धूर बाहेर जाईल. धूर! गॅसला धूर असतो का? पण चुलीच्या घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात धूर कायमचा राहतो तो असा. चार बर्नरचा हॉब होता. दुकानात दोन प्रकार होते, एकात ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो, दुसऱ्यात नाही. बर्नरशेजारी एक बारीक काडी असते, ती तापलेली असेपर्यंतच गॅसची वाट उघडी राहते, गार झाली की मिटते. त्याला काही हजार जास्त लागत होते. घराचं बजेट आधीच हाताबाहेर गेलेलं. मी साधा घेतला. सिलिंडर खालच्या कपाटात. दारं नव्या लॅमिनेटची, त्यांना जाळी कापायची म्हटल्यावर सगळ्यांचा जीव खाली-वर झाला. मी म्हटलं, नंतर कापू.

आई तेव्हा लेकीकडं राहायला गेली होती. तिला विचारलं नाही. आल्यावर एकदम दाखवायचं ठरलेलं.

पाडव्याला तिनं नव्या शेगडीवर दूध उतू घातलं. नवी चूल उतू गेल्याशिवाय चालू होत नाही. मी म्हटलं, आई, काच आहे, बर्नरमध्ये दूध जाईल. ती म्हणाली, जाऊ दे की, लक्ष्मी हाय. दूध वर आलं, फसकन खाली सांडलं आणि ज्योत गेली. मी पटकन कळ फिरवली. सगळे हसले. आई त्या बर्नरकडं बघत उभी राहिली. म्हणाली, “ही चूल मुकाट्यानं इझती रं. आपली इझायच्या आधी धूर करायची.”

मी ते ऐकलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो.

आषाढ आला. दिवेलागणीच्या आधी तिनं लहान बर्नरवर बारीक आचेवर दूध ठेवलं आणि म्हशीला वैरण टाकायला गोठ्यात गेली. खिडकी उघडी होती. वारं आलं आणि ज्योत गेली. कळ तशीच उघडी. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नाही. वैरण टाकून, शेण ओढून होईपर्यंत. परत आली आणि भाकरीचं पीठ घ्यायला ओट्याखालचं दार उघडून वाकली. तिचे शब्द असे, “उभी हुते तवा वास न्हाई. वाकले आन भपकारा आला.”

देवघर सैपाकघराला लागूनच. काडेपेटी तिच्या हातात होती. पीठ काढून ठेवायचं आणि आधी देवाला दिवा लावायचा, असा तिचा रोजचा क्रम. पिठासाठी ती वाकली नसती तर तिनं दिवा आधी लावला असता.

तिनं काडेपेटी अंगणात फेकली. कळ बंद केली, रेग्युलेटर बंद केला. लाइटच्या बटणाला हात लावला नाही. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, ती म्हणाली, बटण दाबलं की आत निळं चमकतं ते मला म्हाईत हाय. मागचं दार उघडलं आणि सूप घेऊन जमिनीलगत वारा घालत राहिली, भुसा उडवावा तसा, दारातून बाहेर. मग अंधारातच अंगणात जाऊन बसली. शेजारच्या पोराच्या फोनवरून मला फोन आला. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली, “तुझी चूल इझली हुती. सवडीनं येऊन जा.”

सवडीनं कसला, पहाटेची गाडी धरली. घरी पोचलो तेव्हा ती अंगणात तीन दगड मांडून चहा करत होती. मी सैपाकघरात गेलो, कपाटाची दारं उघडली, वाकलो, हात फिरवला, नळी बघितली, साबणाचं पाणी लावलं. कुठंही गळती नव्हती. जोडणीत काही चूक नव्हती. मी बाहेर येऊन तिला तसं सांगितलं, जणू माझ्यावर आळ आला होता आणि मी सुटलो.

तिनं चहा गाळला. म्हणाली, “जोड चांगलाच आसंल, तुझा हात चांगला हाय. पर वारं कुठनं येतंय ते बघितलंस का?”

मग ती उठून आत आली. उदबत्ती मागितली. मी म्हटलं, थांब. दारं-खिडक्या पुन्हा सगळ्या उघडल्या, जमिनीलगत नाक नेऊन वास बघितला, सिलिंडर अंगणात ठेवला आणि मगच काडी दिली. ती उदबत्ती घेऊन ओट्याच्या कडेनं हळूहळू चालत गेली. खिडकीखाली धूर आडवा झाला आणि तुटला. पुढं पुढं जात ओट्याच्या लहान फांदीवर, पूर्वेच्या भिंतीशी, तो सरळ वर चढायला लागला. तिथं ती थांबली.

“हितं.”

मी म्हटलं, तिथं जागा अपुरी आहे, चार बर्नरचा बसणार नाही. ती म्हणाली, चार कुणाला पाहिजेत? मागच्या दोन्हीवर मी डबं ठेवते. मला पुढच्या जाळावरनं हात न्यावा लागतो, पदर जातो. आणि पदर कसा जातो ते तिनं मला विझलेल्या शेगडीसमोर उभं राहून दाखवलं. आडव्या वाकलेल्या आईच्या खांद्यावरून लुगड्याचा पदर सुटून बरोबर पुढच्या मोठ्या बर्नरवर आला. चार महिने ती रोज तसा सैपाक करत होती.

मी दोन दिवस राहिलो. साताऱ्याहून दोन बर्नरचा, शेजारीशेजारी असलेला हॉब आणला, ज्योत विझली की बंद होणारा. सिलिंडर घराबाहेर मागच्या पडवीत नेला, जमिनीवर, जाळीच्या दारामागं, आणि तिथून भिंतीतून तांब्याची नळी आत घेतली. कपाटाच्या नव्या लॅमिनेटला खाली आणि वर हातभर लांबीच्या फटी कापल्या. भोकाचे कोपरे गोल केले. काच ठेवायच्या आधी आईनं मला थांबवलं आणि परातीत पाणी घेऊन आली. माझ्या पिशवीत पाणसळ होती, मी ती काढली नाही. पाणी उजवीकडं धावलं, केसभर. मी त्या अंगाला पट्टी घातली.

पेटवून झाल्यावर मी मुद्दाम फुंकर मारून ज्योत विझवली आणि तिला ऐकायला सांगितलं. थोड्या वेळानं आतून टक्‌ असा आवाज आला, गॅस बंद झाल्याचा. तिनं मला तीन वेळा ते करायला लावलं. तिसऱ्यांदा स्वतः फुंकर मारली.

मग दूध ठेवलं, उतू घालायला. या वेळी मी काही बोललो नाही.

खिडकीखालचं जुनं भोक राहिलं होतं. त्यावर ग्रॅनाइटचा तुकडा बसवला, पण रंग जमला नाही, वेगळा दिसतो. पाहुणे विचारतात. आई तिथं पिठाचा डबा ठेवते.